छोट्या दारूभट्ट्यांची संघटना करते तरी काय?

२०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेत हँड सॅनिटायझर औषधालाही मिळेनासं झालं. दुकानांतले रॅक रिकामे, दवाखान्यांत ओरड. त्या वेळी मदतीला धावले ते दारू गाळणारे. सॅनिटायझरमधला मुख्य घटक इथेनॉल, म्हणजे व्हिस्की-जिनमध्ये असतं तेच अल्कोहोल, फक्त जास्त कडक. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र जगजाहीर होतं : ८० टक्के इथेनॉल, थोडं ग्लिसरीन, नावापुरतं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बाकी पाणी. ८०० हून जास्त डिस्टिलऱ्यांनी आपापल्या भट्ट्या या कामाला लावल्या. कुणी पोलिसांना फुकट वाटलं, कुणी वृद्धाश्रमांना दिलं, कुणी विकलंही. गिऱ्हाइकांना दारू चाखवायच्या स्वतःच्या खोल्या बंद असताना कामगारांचा पगार निघण्याची ती एक वाट होती.

डिसेंबर संपत आला तेव्हा बक्षीस मिळालं. २९ डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फीचं एक परिपत्रक काढलं. सॅनिटायझर बनवणाऱ्या प्रत्येक जागेला १४,०६० डॉलर. का? तर सॅनिटायझर हे कायद्याने ‘औषध’ आहे, ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतं, आणि अशी औषधं बनवणाऱ्या प्रत्येक ‘औषधनिर्मिती केंद्रा’ला वार्षिक फी लागू करणारी तरतूद त्याच वर्षी मार्चमध्ये मदतीच्या मोठ्या कायद्यात येऊन बसली होती. रक्कम ठोक. हजार कामगारांचा औषध कारखाना असो की तिघांची भट्टी, आकडा तोच. मदत म्हणून बादलीभर सॅनिटायझर बनवायला ज्यांनी प्रशासनाकडे नाव नोंदवलं, ते सगळे कागदावर औषध कंपन्या झाले होते.

३१ डिसेंबरला आरोग्य खात्याने ही वसुली थांबवली. परिपत्रक खात्याच्या वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय निघालं, असं कारण दिलं. मधले दोन दिवस भट्टीवाल्यांच्या संघटनांनी वॉशिंग्टनमध्ये आणि वर्तमानपत्रांत जो आरडाओरडा केला, तो नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या त्या सुस्त आठवड्यात सगळीकडे ऐकू गेला.

मला यात रस आहे तो एवढ्यासाठी. तिघांची भट्टी चालवणारा माणूस २९ डिसेंबरला सरकारी राजपत्र वाचत बसलेला नसतो. तो बॅरल भरत असतो, नाहीतर थकलेल्या उधारीसाठी फोन फिरवत असतो. त्याच्या वतीने कुणीतरी राजपत्र वाचावं लागतं, त्यातला कोणता शब्द त्याला बुडवणार आहे ते ओळखावं लागतं, आणि तो शब्द बदलून घ्यावा लागतो. व्यापारी संघटनेचं काम मला विचाराल तर मुख्यतः हेच आहे. अधिवेशनं, स्पर्धा, पदकं हा वरचा फेस.

भट्टीत डोकावून

पेनसिल्व्हेनियात बहिणीकडे गेलो होतो तेव्हा गावाबाहेरची अशीच एक छोटी डिस्टिलरी पाहिली. मोटारी दुरुस्त करायच्या जुन्या गॅरेजच्या जागेत. कोपऱ्यात पुरुषभर उंचीचं तांब्याचं भांडं, शेजारी आंबवणाच्या चार टाक्या, भिंतीला लागून वीस-पंचवीस पिंपं. मालकीणबाई आणि दोन मुलगे, एवढाच कारभार.

आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे एकदम अव्वल, असा समज भाषेतच मुरलेला आहे. बाईंनी नळीतून येणारी पहिली धार माझ्या तळहातावर घेतली आणि म्हणाल्या, चोळून वास घे. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा तो चिरपरिचित भपका! तो असतो इथाइल ॲसिटेटचा. कमी तापमानाला उडणारे असे पदार्थ आधी बाहेर येतात, ते वेगळे काढून टाकायचे. शेवटची धार ओल्या पुठ्ठ्यासारखी वासट, तीही बाजूला. ठेवायची ती मधली धार. कुठे तोडायची ते नाकाने आणि जिभेने ठरवायचं. मोठ्या कारखान्यात हे काम उंच स्तंभ आणि संगणक अखंड करत राहतात, इथे एक बाई वाटी घेऊन उभी असते. छोट्या भट्टीच्या मालाला वेगळी चव येते ती इथे, आणि प्रत्येक बाटली महाग पडते तीही इथेच.

मग त्यांनी टेबलावरच्या फायली दाखवल्या. त्या भट्टीपेक्षा उंच होत्या असं म्हणवत नाही, पण मन तसंच म्हणत होतं. अमेरिकेत घरी स्वतःपुरती बिअर किंवा वाइन करायला केंद्राची परवानगी आहे, दारू गाळायला अजिबात नाही. डिस्टिलरीचा केंद्रीय परवाना लागतो. गंमत म्हणजे त्याची फी शून्य. खर्च दुसरीकडे असतो. अर्ज करायलाच जागा आणि यंत्रसामग्रीचा तपशील द्यावा लागतो, म्हणजे गाळा आधी भाड्याने घ्या, भट्टी आणून ठेवा आणि परवाना येईपर्यंत महिनोन्‌महिने भाडं भरत राहा. त्यावर राज्याचा परवाना वेगळा, नगरपालिकेचा वेगळा, अग्निशमनवाल्यांचे नियम वेगळे. अल्कोहोलची वाफ भडका घेते, त्यामुळे ते नियम डोळ्यांआड करण्यासारखे नसतातच.

आणि व्हिस्की म्हटली की थांबणं आलं. आज गाळलेला माल दोन-चार वर्षांनी विकायचा. तोवर लाकडातून दर वर्षी थोडा उडूनही जातो. पैसा पिंपात झोपलेला, हप्ते मात्र जागे. म्हणून बरेच छोटे गाळणारे आधी जिन किंवा व्होडका काढतात. ती आठवड्यात विकायला तयार होते आणि व्हिस्की पिकेपर्यंत घर चालवते.

ही काही दूध संघासारखी गोष्ट नाही

मराठी माणसाला संघ म्हटलं की दूध संघ किंवा साखर कारखान्यांचा संघ आठवतो : सगळ्यांचा माल गोळा करायचा, एका नावाने विकायचा, नफा वाटायचा. व्यापारी संघटना यातलं काहीच करत नाही. ती दारूचा एक थेंब विकत नाही. उलट, सभासदांनी एकत्र बसून भाव ठरवले तर तो स्पर्धा कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, म्हणून बैठकीत दराचा विषय निघाला की जाणती मंडळी घसा खाकरतात. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारे लोक वर्गणी भरून एकत्र येतात ते ज्या गोष्टी एकेकट्याला झेपत नाहीत त्यांच्यासाठी : कायदा, कर, व्याख्या, आकडेवारी, प्रशिक्षण.

अमेरिकेत छोट्या गाळणाऱ्यांना जमवण्याचं पहिलं मोठं काम बिल ओवेन्स या गृहस्थांनी केलं. मूळचे छायाचित्रकार, मग १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड गावी त्यांनी स्वतःच बिअर बनवून विकणारं पब काढलं, आणि २००३ मध्ये अमेरिकन डिस्टिलिंग इन्स्टिट्यूट सुरू केली. तेव्हा देशभरात असे गाळणारे मोजके होते. इन्स्टिट्यूटने त्यांना शिकवलं, भेटवलं, स्पर्धा भरवल्या. पण ती सभासदांच्या मतावर चालणारी संस्था नव्हती. वॉशिंग्टनमध्ये ‘आम्ही सगळ्यांच्या वतीने बोलतो’ असं म्हणायचं तर बोलणाऱ्याला निवडून दिलेलं असावं लागतं. म्हणून २०१३ मध्ये काही गाळणाऱ्यांनी ना-नफा तत्त्वावरची वेगळी संघटना उभी केली. तिचं आजचं नाव अमेरिकन क्राफ्ट स्पिरिट्स असोसिएशन. परवानाधारक गाळणाऱ्यालाच तिथे मत, संचालक मंडळ मतदानाने. बाटल्या, बुचं, पिंपं, लेबलं पुरवणारे सहयोगी सभासद होऊ शकतात, त्यांना मत नाही.

गाळणाऱ्याला ‘छोटा’ कधी म्हणायचं? संघटनेची मर्यादा आहे वर्षाला ७,५०,००० प्रूफ गॅलनची. हे माप जरा समजून घेऊ, कारण पुढे पैशाचा हिशेब त्यातच आहे. ‘प्रूफ’ म्हणजे अल्कोहोलच्या टक्क्यांची दुप्पट. ५० टक्क्यांची दारू १०० प्रूफ. अशा दारूचा एक अमेरिकन गॅलन, साधारण ३.७८५ लिटर, म्हणजे एक प्रूफ गॅलन. पाणी घालून दारू वाढवली तरी त्यातलं अल्कोहोल तेवढंच राहतं, म्हणून कर पाण्यावर न बसता अल्कोहोलवर बसावा यासाठी हे माप. तर ७,५०,००० प्रूफ गॅलन म्हणजे ४० टक्क्यांच्या, ७५० मिलीच्या सुमारे ४७ लाख बाटल्या! याला छोटं म्हणायचं म्हणजे एकरभर आणि शंभर एकर, दोघांनाही ‘शेतकरी’ या एका शब्दात कोंबण्यातला प्रकार. प्रत्यक्षात बहुसंख्य भट्ट्या १०,००० प्रूफ गॅलनच्याही खाली आहेत. मर्यादा इतकी वर नेली ती मला वाटतं मुद्दामच. वाढलेला सभासद बाहेर गेला तर त्याची वर्गणी आणि वजन दोन्ही जातं.

बाटलीमागे १ डॉलर ७१ सेंट

या संघटनेने काय मिळवलं असं विचारलं तर एकच उत्तर पुरेसं आहे : कर.

अमेरिकेत दारूवरचा केंद्रीय उत्पादन शुल्काचा दर १९९१ पासून प्रूफ गॅलनमागे १३.५० डॉलर होता. सगळ्यांना सारखा. ४० टक्क्यांच्या एका बाटलीत ०.१५८५ प्रूफ गॅलन बसतात, म्हणजे बाटलीमागे २ डॉलर १४ सेंट. हा फक्त केंद्राचा, राज्याचा निराळा. आणि हा कर नफ्यावर नसतो. माल करमुक्त कोठारातून, ज्याला तिथे ‘बाँड’ म्हणतात, बाहेर पडला की तो लागू. तुम्ही तोट्यात असा, गिऱ्हाइकाने पैसे थकवले असोत, सरकारचे आधी ठेवा.

बिअरवाल्यांना १९७६ पासूनच छोट्यांसाठी सवलतीचा दर होता : पहिल्या ६०,००० बॅरलपर्यंत कमी कर. छोट्या वाइनवाल्यांनाही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सूट होती. दारू गाळणाऱ्यांनाच का नव्हती? कुणी त्यांच्यावर डूख धरला होता असं नाही. ते कायदे झाले तेव्हा अमेरिकेत छोटे गाळणारे जवळपास नव्हतेच. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीने ते पुसले गेले होते, आणि नंतर उरले ते मोठे कारखाने. जो दरबारात नसतो त्याचं नाव सनदेत येत नाही.

मग ही मागणी पुढे रेटायची कशी? इथे संघटनेने जे शहाणपण दाखवलं ते शिकण्यासारखं आहे. छोट्यांचा मोर्चा वेगळा काढला नाही. बिअरवाले, वाइनवाले, मोठ्या दारू कंपन्यांची डिस्टिल्ड स्पिरिट्स कौन्सिल, सगळ्यांना थोडंथोडं मिळेल असं एकच विधेयक पाठीशी घेतलं. २०१५ मध्ये ते सिनेटमध्ये मांडलं गेलं. मोठ्यांना सवलत नगण्य, पण विरोध करायला कारण उरलं नाही. छोट्यांसाठी मात्र दर थेट एक पंचमांश : पहिल्या १,००,००० प्रूफ गॅलनवर फक्त २.७० डॉलर.

डिसेंबर २०१७ च्या मोठ्या करकायद्यात हे शिरलं. पण दोनच वर्षांपुरतं. २०१९ च्या डिसेंबरात मुदत संपायला दहा-बारा दिवस उरले असताना एक वर्ष वाढ मिळाली. अशी टांगती तलवार असली की माणूस नवी भट्टी घेत नाही, माणसं ठेवत नाही, कारण जानेवारीत कर पाचपट होणार का तेच ठाऊक नसतं. दर वर्षी हे लोक वॉशिंग्टनला जाऊन खासदारांच्या दारात उभे राहायचे आणि आपापल्या गावातल्या भट्टीत किती माणसं कामाला आहेत ते सांगायचे. अमेरिकेतला खासदारही मतदारसंघातल्या भट्टीवाल्याला ताटकळत ठेवत नाही, विशेषतः तो शेतकऱ्याचा मका आणि राय नावाचं धान्य विकत घेत असेल तर.

२७ डिसेंबर २०२० रोजी सवलत कायमची झाली. आणि दोन दिवसांनी सॅनिटायझरच्या फीचा तो कागद आला! एकाच आठवड्यात सरकारने एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढलं आणि तिसऱ्या दिवशी परत दिलं.

सवलतीच्या दराने बाटलीमागे कर ४३ सेंट. म्हणजे वाचले १ डॉलर ७१ सेंट. वर्षाला १०,००० बाटल्या विकणाऱ्या भट्टीचे सुमारे १७,१०० डॉलर वाचतात. मोठ्या कंपनीच्या हिशेबात हा आकडा दशांश चिन्हाच्या पलीकडे जातो. त्या गॅरेजमधल्या बाईंच्या हिशेबात एका अर्धवेळ माणसाचा पगार आहे.

पेनसिल्व्हेनियाचाच विषय आहे तर जाता जाता एक. हे भांडण नवं नाही. १७९१ मध्ये नव्या अमेरिकी सरकारने दारूवर पहिला कर बसवला तेव्हा भट्टीच्या क्षमतेवर ठोक कर भरायची सोय ठेवली होती. वर्षभर भट्टी पेटती ठेवणाऱ्या मोठ्याला तो गॅलनमागे स्वस्त पडायचा. सुगीनंतर महिना-दोन महिने आपल्याच धान्याची दारू काढणाऱ्या पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याला महाग. त्यांनी वसुली अधिकाऱ्यांना डांबर फासलं, पिसं चिकटवली. १७९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन सुमारे १३,००० सैनिक घेऊन निघाले तेव्हा ते बंड विरलं. कर १८०२ मध्ये रद्द झाला. आणि दरम्यान, पदावरून उतरल्यावर, वॉशिंग्टन साहेबांनी स्वतःच्या माउंट व्हर्नन इस्टेटीवर डिस्टिलरी काढली. ती १७९९ पर्यंत देशातल्या सर्वांत मोठ्या डिस्टिलऱ्यांत गणली जात होती.

गल्लीतल्या दुकानापर्यंतचा रस्ता

दारूबंदी उठली ५ डिसेंबर १९३३ ला. विक्रीचे नियम करायचा अधिकार राज्यांकडे गेला, आणि बहुतेकांनी तीन पायऱ्यांची रचना लावली : बनवणारा, घाऊक वितरक, दुकानदार. एकाने दुसऱ्याच्या पायरीवर चढायचं नाही. बंदीच्या आधी बिअर कंपन्यांनी गुत्ते ताब्यात घेतले होते, तिथे त्यांचाच माल पाजला जायचा, ते पुन्हा होऊ नये म्हणून. हेतू चांगला होता. पण आता वितरक मंडळी विलीन होत होत मूठभर अजस्र कंपन्या उरल्या आहेत. त्यांच्या विक्रेत्याच्या यादीत हजारो लेबलं. त्यात आपल्या बाईंची राय व्हिस्की दुकानदाराला तो कशाला आठवणीने सांगेल? पेनसिल्व्हेनियासारख्या काही राज्यांत तर सरकारच दारूचं घाऊक आणि किरकोळ दुकान आहे.

म्हणून भट्टीच्या आवारात बाटली विकू द्या आणि गिऱ्हाइकाच्या घरी पाठवू द्या, या दोन मागण्या. पहिली बरीच मार्गी लागली. न्यूयॉर्कने २००७ मध्ये ‘फार्म डिस्टिलरी’ नावाचा वर्गच काढला : कच्चा माल मुख्यतः राज्यातल्या शेतांमधला वापरा, मग परवाना स्वस्त आणि जागेवर चाखवायला-विकायला मुभा. एका नव्या शब्दाने सफरचंद आणि धान्य पिकवणारे शेतकरी गाळणाऱ्यांच्या बाजूला आणून बसवले. घरपोच पाठवण्याचं मात्र अडलेलंच आहे. वाइनला २००५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बहुतेक राज्यांची दारं उघडली, दारूला मोजक्याच राज्यांची. न्यूयॉर्कने २०२४ मध्ये छोट्यांना परवानगी दिली. वितरकांच्याही संघटना आहेत, जुन्या आणि श्रीमंत. त्या काही झोपलेल्या नाहीत.

‘क्राफ्ट’ कुणी म्हणायचं?

सगळ्यात गुंतागुंतीचा भाग हा, कारण इथे शत्रू बाहेर नसून घरात आहे. ‘क्राफ्ट’ या शब्दाची अमेरिकन कायद्यात व्याख्याच नाही. कुणीही लेबलवर छापावा. इंडियाना राज्यात लॉरेन्सबर्ग नावाच्या गावी एक प्रचंड डिस्टिलरी आहे. ती इतर ब्रँडांसाठी घाऊक व्हिस्की बनवते, आणि चांगली बनवते. ती विकत घ्यायची, बाटलीत भरायची, वर आजोबांच्या गुप्त कृतीची कहाणी छापायची, हा धंदा २०१० च्या आसपास जोरात होता. यातून गिऱ्हाइकांनी खटले भरले, काही ब्रँडांना तडजोड करून लेबलं बदलावी लागली.

येवल्याच्या हातमागावर महिनोन्‌महिने विणलेली पैठणी आणि यंत्रमागावरची पैठणी एकाच दुकानात शेजारी टांगली की विणकराचं जे होतं, तेच इथे गाळणाऱ्याचं. पण विकत घेणाऱ्याला सरसकट लबाड म्हणता येत नाही. स्वतःची व्हिस्की पिकेपर्यंत तग धरायला बरेच प्रामाणिक लोकही सुरुवातीला माल विकत आणतात. संघटनेने यातून काढलेला मार्ग असा : विकत घ्यायला हरकत नाही, लपवायला आहे. सभासदाने पारदर्शक राहण्याची आचारसंहिता मान्य करायची. मला हा मार्ग पटतो, तरी त्यात धाक कमी आणि भिडस्तपणा जास्त आहे हेही दिसतं.

व्याख्या करून घेण्याचं चांगलं उदाहरण म्हणजे अमेरिकन सिंगल माल्ट. स्कॉटलंडचं सिंगल माल्ट कायद्याने बांधलेलं, अमेरिकेत तो शब्द मोकाट. २०१६ मध्ये नऊ गाळणाऱ्यांनी शिकागोत एकत्र येऊन यासाठी वेगळा आयोगच काढला : फक्त मोड आणलेलं बार्ली, एकाच अमेरिकन डिस्टिलरीत गाळलेलं, मुरवणं अमेरिकेतच, ओकचं पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं नको. इतर संघटनांनी पाठिंबा दिला. सरकारी नियमात ही व्याख्या यायला १९ जानेवारी २०२५ उजाडलं. चार ओळींसाठी आठ वर्षांहून जास्त.

संघटना हे सगळं कशाच्या जोरावर करते? वर्गणी, अधिवेशन, आणि आकडे. आकड्यांचं महत्त्व मला उशिरा कळलं. किती छोट्या भट्ट्या आहेत हे आधी कुणी नीट मोजलेलंच नव्हतं. संघटना ते दर वर्षी मोजून छापू लागली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये २,७५३ चालू भट्ट्या निघाल्या. खासदारापुढे ‘आम्ही खूप आहोत’ म्हणणं निराळं आणि ‘तुमच्या राज्यात आमच्या एवढ्या भट्ट्या आहेत’ म्हणणं निराळं.

काही गोष्टी मात्र तिच्या हातातल्या नाहीत. पोलाद-ॲल्युमिनियमच्या भांडणात युरोपीय संघाने २०१८ मध्ये अमेरिकन व्हिस्कीवर २५ टक्के जकात लावली. ज्यांनी आयुष्यात पोलादाचा तुकडा विकला नाही त्यांची निर्यात त्यात बसली. २०२५ च्या मार्चमध्ये कॅनडातल्या प्रांतांनी अमेरिकन दारू फडताळांवरूनच उतरवली. त्यात लोक पितायत कमी, व्याजदर चढे. बऱ्याच भट्ट्यांना अलीकडे टाळं लागलं. संघटना निवेदन काढते. दुसरं काय करणार?

गोव्यात, काजूच्या बोंडांपाशी

हे सगळं वाचून आपल्याकडे असं काही आहे का, असा प्रश्न पडला असेल तर दोडामार्ग ओलांडा. गोव्यात काजू फेणी गाळणाऱ्यांची आणि बाटल्या भरणाऱ्यांची संघटना आहे : गोवा कॅश्यू फेणी डिस्टिलर्स अँड बॉटलर्स असोसिएशन. गोवा सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याबरोबर तिने फेणीच्या भौगोलिक मानांकनासाठी अर्ज केला, आणि २००९ मध्ये ते मिळालं. आता गोव्याबाहेर कुणी काजूची दारू काढून तिला फेणी म्हणू शकत नाही.

फेणीची कथा अमेरिकेच्या उलटी आहे. तिथे छोटे गाळणारे पुसले जाऊन पुन्हा उगवले. इथे ते कधी गेलेच नव्हते. मार्च ते मे, काजूच्या बागेत खाली पडलेली बोंडं वेचायची, बी पिरगाळून काढायची, बोंडं तुडवून रस काढायचा. यीस्ट घालायचं नाही, रस आपोआप आंबतो. पहिल्यांदा गाळलं की हुर्राक, हलकं, उन्हाळ्यापुरतं, लिंबू-मिरची घालून प्यायचं. हुर्राक पुन्हा गाळलं की फेणी, साधारण ४२ टक्के.

अडचण होती ती शब्दाची. उत्पादन शुल्काच्या कायद्यात फेणी ‘देशी दारू’ या रकान्यात बसवलेली. त्यामुळे इतर राज्यांत ती सन्मानाने विकणं मुश्कील. मेक्सिकोची टकिला मुंबईतल्या बारमध्ये रुबाबात बसते आणि दोडामार्गपलीकडची फेणी प्रवाशाच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून येते, त्याचं कारण चवीपेक्षा हा रकाना आहे. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला त्यातून काढून वारसा पेयाचा दर्जा दिला, आणि २०२१ मध्ये फेणीचं स्वतंत्र धोरण आणलं.

तरी दोन गोष्टी खटकतात. मानांकन फक्त काजू फेणीला आहे. माडाची फेणी काजूपेक्षा जुनी (काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला), पण ती बाहेर राहिली. अर्ज करणाऱ्यांच्या नावातच ‘कॅश्यू’ होतं. दुसरं असं की मानांकन मिळालं म्हणून प्रत्येक गाळणारा आपोआप त्याचा हक्कदार होत नाही. त्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते : अर्ज, कागद, फी. शहरात बाटली भरून ब्रँड चालवणारा हे करून घेतो. सत्तरीत किंवा काणकोणात डोंगरउतारावर दोन-अडीच महिने भट्टी लावणाऱ्या माणसाकडे ऐन हंगामात बोंडं कुजू न देणं हेच काम असतं. त्याची फेणी कॅनमधून बाटलीवाल्याकडे जाते आणि लेबल तिथे लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी फेणीची किंवा अमेरिकन व्हिस्कीची बाटली हातात आली तर पुढची कहाणी नका वाचू, मागचं बारीक अक्षर वाचा. अमेरिकन बाटलीवर ‘डिस्टिल्ड बाय’ असेल तर ज्याचं नाव पुढे आहे त्याने ती स्वतः गाळलेली आहे. नुसतं ‘बॉटल्ड बाय’ असेल तर भरलेली आहे. कुठे गाळली ते राज्याचं नाव व्हिस्कीवर बहुधा त्याच कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. मी त्या गॅरेजमधून आणलेल्या बाटलीवर शोधलं. चष्मा लावावा लागला, पण ‘डिस्टिल्ड’ होतं.